नव्याने आलेल्या मजूर कुटुंबांना इथे स्थिरावायला मदत: छोट्या आरोग्य संस्थेने नेमकं काय हातात घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या कडेला, जिथे सगळीकडे इमारती उभ्या राहतायत अशा भागात तुमची पाच जणांची आरोग्य संस्था आहे. महिन्यातून एकदा लेबर कॅम्पवर तपासणी शिबिर घेता. गर्दी होते, औषधं संपतात, पण पुढच्या शिबिराला निम्मे चेहरे नवे असतात. मागच्या वेळी ज्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं होतं, ती सापडतच नाही. म्हणून नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी रेशन, दवाखाना, लसीकरण, कागदपत्रं असं सगळं बघणारी वेगळी सेवा सुरू करायची आहे, आणि त्यासाठी एकच पूर्णवेळ माणूस परवडतो. सुरुवात कुठून करावी?

विचार अगदी योग्य आहे. फक्त हे काम शिबिराला जोड म्हणून करू नका, शिबिराच्या जागी करा असं मी सांगेन. कारण ह्या कुटुंबांची अडचण डॉक्टर नसणं ही नाही. महापालिकेचं आरोग्य केंद्र बहुतेक वेळा चालत जाण्याच्या अंतरावर असतं आणि तिथे तपासणी, लसी, गोळ्या मोफत असतात. अडचण ही की ही माणसं कुणाच्याच यादीत नसतात. आशाताईंचा घरोघरचा सर्व्हे झाला तेव्हा त्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या नव्हत्याच. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्यांची मुलं नाहीत. रेशन कार्ड गावी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला. आपल्याकडे जवळपास प्रत्येक सोय यादीवरून चालते, त्यामुळे यादीत नाव नसलेल्या माणसाच्या दारावरून ती पुढे निघून जाते. तुम्ही नेमाल त्या पूर्णवेळ कार्यकर्तीचं काम एवढंच: कुटुंब आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत योग्य याद्यांत नाव लावून घेणं, आणि ते निघेल तेव्हा पुढच्या ठिकाणी दाखवता येईल असा कागद त्यांच्या हातात असणं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. नव्याने आलेले मजूर म्हणजे एक गट नव्हे. मोठ्या बिल्डरच्या साइटवरच्या कॅम्पात राहणारे ठेकेदाराच्या टोळीबरोबर येतात. त्यांची गाठ मुकादमाशी असते, आणि गेटच्या आत जायला तुम्हाला परवानगी लागते. नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणारे वस्तीत भाड्याने खोली घेतात. त्यांना कुणी आणलेलं नसतं, त्यामुळे ते आल्याचं कुणाला कळतही नाही. वीटभट्टीवरची किंवा ऊसतोडीची कुटुंबं उचल घेऊन ठरावीक मोसमासाठी येतात आणि तोपर्यंत जागा सोडू शकत नाहीत. पुढचं सगळं प्रामुख्याने साइटवरच्या कॅम्पांसाठी लिहितोय, कारण तुमचं काम तिथे आहे. नाक्यावरच्या लोकांसाठी भेटीची वेळ आणि जागा बदलते, बाकी क्रम बहुतांशी तोच.

नवं कुटुंब आलंय हे कळणार कसं, हा पहिला प्रश्न. आठवड्यातून एकदा कॅम्पात चक्कर मारून हे जमत नाही. कोण आलं, कोण गेलं हे सगळ्यात आधी कळतं ते कॅम्पाच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानदाराला, कारण नव्या बिऱ्हाडाची उधारी तिथेच सुरू होते. मग गेटवरच्या वॉचमनला, आणि पाण्याच्या नळावरच्या बायकांना. ह्या तिघांपैकी किमान दोघांशी तुमच्या कार्यकर्तीचं रोजचं बोलणं हवं. कॅम्पातच राहणाऱ्या, थोडं लिहिता येणाऱ्या एक-दोन बायकांना महिन्याचं ठरावीक मानधन देऊन सखी म्हणून नेमा. काम एवढंच, की नवी खोली भरली की मिस्ड कॉल द्यायचा. दर कुटुंबामागे पैसे देऊ नका, नाहीतर एकाच कुटुंबाची दोनदा नोंद होऊ लागते. मोसमही ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर आणि होळीनंतर टोळ्या येतात, पेरणीच्या आधी पुष्कळ जण परततात. सुट्ट्या, प्रशिक्षणं, मीटिंगा ह्या दिवसांत ठेवू नका.

परवानगीचं म्हणाल तर आधी साइटच्या सेफ्टी ऑफिसरला भेटा, मग ठेकेदाराला, मग मुकादमाला, ह्याच क्रमाने. मुकादमाला वगळून वरून परवानगी आणली तर गेट उघडतं पण खोल्यांची दारं उघडत नाहीत. त्याला स्पष्ट सांगा की तुम्ही काय करणार आणि कामाच्या वेळेत कुणाला अडवणार नाही. भेटीची वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि आठवड्याची सुट्टी. बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशीच खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, मिळते आणि दुपारी बाजार असतो, म्हणून त्या दिवशी सकाळचीच वेळ धरा. अंधार पडल्यावर कार्यकर्तीला एकटीला पाठवू नका.

पहिल्या भेटीत सगळा फॉर्म भरायचा मोह टाळा. दिवसभर काम करून आलेली बाई चुलीपुढे बसलेली असते. पंचवीस मिनिटांच्या वर ती तुमच्याशी बोलू शकत नाही, आणि बोललीच तर उत्तरं तुम्हाला वाटेला लावण्यापुरती असतात. पहिल्या दिवशी चारच गोष्टी शोधायच्या: घरात कुणी गरोदर आहे का किंवा नुकतीच बाळंत झालेली, दोन वर्षांखालचं मूल आहे का, कुणाचं रोजचं औषध चालू होतं का, आणि सध्या कुणाला ताप किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का. ह्यांपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर ते कुटुंब त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात पोचलं पाहिजे. बाकीच्यांची उरलेली माहिती दुसऱ्या भेटीत घ्या.

ह्या चार प्रश्नांबरोबर एक गोष्ट आवर्जून विचारा आणि लिहा: गेल्या दोन वर्षांत घरात वापरलेले सगळे मोबाईल नंबर, बंद पडलेले सुद्धा. माता-बाल नोंदणी, यू-विन (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद), आधार, टीबीची नोंद हे सगळं कुठल्या ना कुठल्या नंबरला जोडलेलं असतं. नर्सताईंनी संगणकावर जुनी नोंद शोधायची म्हटली की नेमका तो बंद नंबरच उपयोगी पडतो. शिवाय गावच्या एका माणसाचा नंबर घ्या, जो बदलत नाही. सासरा, दीर, शेजारचा दुकानदार, कुणीही चालेल. तुमची साडेसहा हिमोग्लोबिनवाली बाई हरवली ती बहुधा ह्या दोन नोंदी नसल्यामुळे.

तिच्याबद्दल आणखी एक. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ७ ते १०.९ असेल तर रोज दोन लोहगोळ्या आणि पाठपुरावा ह्यावर काम भागतं. पण सातच्या खाली गोळ्यांचं पाकीट देऊन पाठवायचंच नाही. तिला शिरेतून लोह द्यायचं की रक्त, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि पाचच्या खाली तर लगेच दाखल करावं लागतं. म्हणजे शिबिरात हा आकडा निघाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला सोबत घेऊन रुग्णालयात जाणारं माणूस तयार पाहिजे. ते माणूस नसेल तर तपासणी करून उपयोग होत नाही, नुसता आकडा तुमच्या अहवालात जातो.

रेशनचं मी आरोग्याच्याही आधी घ्यायला सांगतो. एक तर घरी धान्य आलं की भाजी-डाळ-अंड्यांसाठी पैसे सुटतात. आणि दुसरं, ही पहिली मदत इतकी ठोस असते की त्यानंतर बाकीच्या गोष्टी लोक आपणहून सांगायला लागतात. एक देश एक रेशन कार्ड योजनेत गावचं कार्ड देशात कुठल्याही रास्त भाव दुकानात चालतं. कार्ड प्रत्यक्ष हातात असायची गरज नाही, कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक आणि अंगठा पुरतो. पत्ता बदलायचा नाही, गावचं नाव कमी करायचं नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. केशरी कार्ड म्हणजे धान्य मिळतंच असं मात्र नाही. कुटुंब अन्नसुरक्षा यादीत आहे का ते मेरा राशन ॲपवर आधी बघा, म्हणजे बाईची रोजंदारी फुकट बुडणार नाही.

हे कुठे अडतं ते नीट समजून घ्या, कारण कार्यकर्तीचा निम्मा वेळ इथेच जाणार आहे. सगळ्यात नेहमीची अडचण बोटांची. गवंडी, सेंटरिंगवाले, बिगारी ह्यांच्या बोटांवरच्या रेषा सिमेंटने झिजलेल्या असतात आणि मशिन ठसा घेत नाही. कार्डावरच्या कुठल्याही एका सदस्याचा अंगठा चालतो, म्हणून सिमेंटात हात नसलेलं माणूस न्या: सासूबाई, मोठी मुलगी, नुकतीच आलेली सून. सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, आणि अंगठ्याऐवजी दुसरी बोटंही लावून पाहायची. दुसरी अडचण ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची. कार्डावरच्या ज्या माणसाची ती झालेली नाही त्याचा वाटा अडकू शकतो, म्हणून पहिल्याच फेरीत इथे असलेल्या सगळ्यांची उरकून घ्या.

तिसरी अडचण घरातली असते, मशिनमध्ये दिसत नाही. कार्डावर सहा नावं, तीन माणसं इथे, तीन गावी. इथल्यांनी आपला वाटा म्हणजे १५ किलोच उचलायचा आणि दुकानदाराने मशिनवर तेवढाच आकडा टाकायचा. त्याने सवयीने पूर्ण कोटा टाकला तर गावी म्हातारा-म्हातारी रिकाम्या पिशव्या घेऊन परततात आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं. म्हणून दुकानात जाण्याआधी गावी फोन लावा आणि कोण किती उचलणार ते ठरवून घ्या. चौथी अडचण दुकानदार. बाहेरच्या कार्डांनी साठा संपेल ह्या भीतीने तो नेट नाही, माल आला नाही, पुढच्या महिन्यात या असं सांगतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा, भांडू नका, एकदा क्रमांक टाकून बघा एवढंच म्हणा. मशिनवर नाव उमटलं की बहुतेक वेळा वाद मिटतो. नाहीच ऐकलं तर १९६७ ह्या रेशन हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि पुरवठा कार्यालयात लेखी द्या. एका भागात दोन दुकानं सरळ चालायला लागली की पुढच्या कुटुंबांना फक्त त्या दुकानांची नावं सांगावी लागतात.

लसीकरणात नेहमीचं वाक्य असतं, कार्ड गावी राहिलं. आधी गावच्या नंबरवर फोन लावून व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो मागवा. मिळाला की तो लगेच कागदावर छापून घ्या, फोनमध्ये ठेवू नका, फोन हरवतात. कार्ड मिळतच नसेल तर बाळाचा डावा दंड बघा, बीसीजी (क्षयरोगाची लस) दिली असेल तर तिथे बहुधा व्रण असतो. आईला लसींची नावं विचारू नका. जन्मल्यावर दवाखान्यात सुई दिली होती का, नंतर मांडीत सुया किती वेळा मिळाल्या, सुईनंतर ताप आला होता का, तेव्हा बाळ बसायला लागलं होतं की पालथंच पडत होतं, असं विचारा. ह्यातून नर्सताईंना पुष्कळ अंदाज येतो. ठरवायचं त्यांनी आहे, पण कार्यकर्तीला दोन-तीन नियम ठाऊक हवेत, कारण चुकीचा सल्ला इथेच दिला जातो. राहिलेला डोस जिथे थांबला तिथून पुढे द्यायचा, पहिल्यापासून सुरू करायचा नाही. दोन डोसांत किमान ४ आठवडे जायला हवेत. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची) सुरुवात एक वर्षाच्या आत झालेली असावी लागते, नाहीतर त्याऐवजी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) मिळते. गोवर-रुबेला ९ महिने पूर्ण झाल्यावर, आणि राहिली असेल तर ५ वर्षांपर्यंत. अडीच वर्षांच्या मुलाला आता उशीर झाला म्हणून परत पाठवलं गेलं तर पुन्हा जा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

एक काम एकदाच करायचं आहे, पण त्याने वर्षभराचे कष्ट वाचतात. आरोग्य केंद्रात जाऊन लसीकरणाचा मायक्रोप्लॅन, म्हणजे कुठे आणि कधी सत्र घ्यायचं त्याचा आराखडा, बघायला मागा. पोलिओच्या मोहिमेपासून बांधकामांच्या जागा, वीटभट्ट्या, भटक्यांचे तांडे, झोपडपट्ट्या ह्यांची अतिजोखमीची ठिकाणं म्हणून वेगळी यादी ठेवली जाते. तुमचे कॅम्प त्यात आहेत का ते एकेक नाव वाचून तपासा. पुष्कळदा यादीत दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या इमारतींची नावं असतात आणि चालू साइट नसते. हातानेच नकाशा काढा, गेट कुठलं, खोल्या किती, पाण्याची टाकी कुठे हे दाखवा, आणि नवं ठिकाण जोडायची लेखी विनंती द्या. एकदा नाव लागलं की नर्सताईंचं सत्र तुमच्या कॅम्पावर यायला लागतं. अंगणवाडीचंही तसंच. सेविकाताईंना पोषण ट्रॅकर ह्या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतरित लाभार्थी घेता येतात, त्यांना फक्त आधार आणि मुलांची नावं तयार करून द्या. कॅम्पात पहिल्या आठवड्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांच्या दंडाचा घेर टेपने मोजा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, ते मूल डॉक्टरांकडे न्यायचं. ११.५ ते १२.५ म्हणजे अंगणवाडीचा आहार आणि दर पंधरवड्याला पुन्हा मोजणी. दोन्ही पायांवर सूज असेल तर टेप काहीही सांगो, डॉक्टरांकडे न्या.

गरोदर बाईची तारीख काढताना दिनदर्शिका पुढे करू नका. शेवटची पाळी होळीच्या आधी की नंतर, इथे यायला निघालात तेव्हा आली होती का, असं विचारत गेलं की आठवड्याच्या फरकाने तारीख निघते. नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदीतला तिचा क्रमांक) घ्या. गावी आधीच नोंद झाली असेल तर नवी करू नका, जुनीच शोधायला सांगा. एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या की पुढे मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात. त्या योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी डॉक्टरांकडून गरोदर मातांची तपासणी होते, ती तारीख कॅम्पात सगळ्यांना पाठ झाली पाहिजे.

मग बाळंतपण कुठे करणार हे विचारा, आणि उत्तर बदलणार हे गृहीत धरा. पुष्कळ जणी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जातात. पैसे हातात आले नाहीत, तिकीट मिळालं नाही, मुकादमाने सोडलं नाही म्हणून तितक्याच जणी इथेच राहतात. म्हणून दोन्ही तयारी. इथे राहिली तर रुग्णालय कुठलं, रात्री गाडी कशी, मागे मुलं कोण बघणार हे आधी ठरलेलं हवं, आणि १०८ नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आहे का ते स्वतः पाहायचं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, घरी सोडणारी गाडी हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. ते प्रत्येक गरोदर बाईला आहे, त्यासाठी इथलं रेशन कार्ड किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही. नोंदणीच्या खिडकीवर हे शांतपणे सांगणारं माणूस सोबत असलं तर फरक पडतो.

रोजच्या औषधांबद्दल विचारताना आजाराचं नाव घेऊ नका. टीबी आहे का असं चारचौघांत विचारलं तर उत्तर नाहीच येणार, कारण कळलं तर खोली जाईल, काम जाईल ही भीती असते. गावी कुठली गोळी रोज चालू होती का, रिकामं पाकीट असेल तर दाखवा, असं विचारा आणि माणूस एकटा असताना विचारा. टीबीच्या साध्या प्रकाराचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि तो अर्धवट सुटण्याचं मोठं कारण जागा बदलणं हे आहे. निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला रुग्णाचा क्रमांक) मिळाला की इथल्या केंद्रात ट्रान्सफर करून घेता येतं, नवा रुग्ण म्हणून पुन्हा सुरुवात करू नये. पोषणासाठी महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम ५००वरून वाढली आहे, तेव्हा बँक खातं चालू आहे का तेही बघा. बीपी-मधुमेहाच्या गोळ्यांचं सोपं असतं, जुनं पाकीट दाखवलं की आरोग्य केंद्रातून पुढे चालू होतं. आणि गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशाकडून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात ताप आला तर नुसती पॅरासिटामॉल देऊ नका, मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. पुण्यातल्या खाजगी डॉक्टरांच्या मनात तो लगेच येत नाही. कुठून आलात हे आपण सांगायला हवं.

मोठ्या आजाराचं वेगळं. आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठी, दाखल झाल्यावर. बाहेरून तपासून औषध लिहून घेण्याला त्याचा उपयोग नाही. परराज्यातल्या कुटुंबाचं नाव त्यांच्या राज्याच्या आयुष्मान यादीत असेल तर ते कार्ड इथेही चालतं. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल गाठायचं, बिलिंगच्या खिडकीवर पैसे भरायच्या आधी. एकदा पैसे भरून दाखल झालं की मग योजनेत बसवून घेणं फार जड जातं. आयुष्मानचा १४५५५ आणि महात्मा फुले योजनेचा १५५३८८ हे दोन्ही नंबर कार्यकर्तीकडे हवेत.

सोबत जाण्याबद्दल. पहिल्यांदा आरोग्य केंद्रात कार्यकर्तीने स्वतः न्यायचं. दुसऱ्यांदा सखीबरोबर पाठवायचं. तिसऱ्यांदा फक्त चिठ्ठी देऊन. चिठ्ठीवर वार, वेळ, केसपेपरची खिडकी कुठली, रिक्षा कुठे सोडेल ती खूण, आणि आत गेल्यावर म्हणायचं एक वाक्य. ही पायरी कधीच संपली नाही तर सहा महिन्यांत तुमची कार्यकर्ती रुग्णालयाच्या रांगेत उभी राहणारी बाई होऊन बसते आणि नवी कुटुंबं तशीच राहतात. जिथे संध्याकाळची ओपीडी आहे तिथेच पाठवायचा प्रयत्न करा, म्हणजे रोजंदारी बुडत नाही.

भाषा हलक्यात घेऊ नका. मराठवाड्यातल्या कुटुंबांशी अडत नाही, पण यादगीर-कलबुर्गीकडच्या बायकांना कन्नडशिवाय येत नाही, आणि हिंदी येतं असं त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलेलं असतं. पाळी, गर्भनिरोधन, मारहाण ह्या गोष्टींसाठी नवरा, मुकादम किंवा दहा वर्षांची मुलगी दुभाषी म्हणून चालत नाही. त्या भाषेच्या दोन बायकांचे नंबर ठेवा आणि स्पीकरवर बोलणं करून द्या. मारहाणीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन, मुलांबाबत काही दिसलं तर १०९८ ही चाइल्डलाइन.

आता निघण्याची वेळ. कॅम्प मोडतो तेव्हा दोन दिवसांत मोडतो, म्हणून जाताना कागद देऊ असं ठरवू नका, कागद पहिल्या महिन्यातच तयार हवा. जाड प्लास्टिकचा चेन असलेला पाऊच द्या, आकाराने माता-बाल कार्ड न दुमडता बसेल एवढा. आत लसीकरणाचं कार्ड, तपासण्यांचे कागद, रेशन कार्डाची झेरॉक्स, चालू औषधांची नावं मोठ्या अक्षरात. माता-बाल कार्ड लॅमिनेट करू नका, त्यावर नर्सताईंना पुढे लिहायचं असतं. पाऊचच्या आतल्या बाजूला तुमच्या संस्थेचा एक नंबर, पुढच्या गावच्या नर्सला काही विचारायचं असेल तर. टीबीच्या रुग्णाला प्रवासापुरत्या गोळ्या आणि निक्षयवर ट्रान्सफर, गरोदर बाईच्या गावच्या आशाताईंना एक फोन. मुलं शाळेत जात असतील तर शाळेकडून स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. दाखला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, तरी कागद असला की वाद होत नाही.

नोंदींसाठी एक रजिस्टर पुरे. आल्याची तारीख, खोलीची खूण, गाव, जुने-नवे नंबर, चार प्रश्नांची उत्तरं, कुठे नाव लागलं त्याची तारीख, गेल्याची तारीख. आधारचे शेवटचे चारच आकडे लिहा, झेरॉक्स तुमच्याकडे साठवू नका. टीबी, एचआयव्ही, गर्भपात ह्यांची नोंद वेगळ्या वहीत, कुलुपात. सखीला त्यातलं काही कळता कामा नये, ती त्याच कॅम्पात राहते.

एका कार्यकर्तीने आठवड्याला सहा ते आठ नवी कुटुंबं धरावीत, त्याहून जास्त नाही. म्हणून सुरुवातीला दोनच कॅम्प घ्या. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, ई-श्रम (असंघटित कामगारांची नोंदणी), आधारमधल्या दुरुस्त्या ह्या मागण्या पहिल्याच दिवसापासून येतील. त्या खऱ्या गरजा आहेत, पण पहिले सहा महिने त्या हातात घेऊ नका. मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवण्यातच तुमची कार्यकर्ती अडकेल. कुठे जायचं, काय कागद लागतात, आणि दलालाला पैसे देऊ नका, एवढं सांगून पाठवा. मजुरी बुडवल्याच्या तक्रारीही तशाच. ऐकून घ्या, श्रम कार्यालयाचा किंवा मजूर संघटनेचा रस्ता दाखवा, पण त्याच गेटवर उभं राहून भांडण अंगावर घेतलंत तर उद्या गरोदर बाईपर्यंत पोचता येणार नाही. हा निर्णय जड जातो. तो संस्थेने आधीच घेतलेला असावा, एकट्या कार्यकर्तीवर सोडू नये.

शेवटी तुम्ही विचारलंय की देणगीदाराला शिबिरातली माणसं मोजून दाखवायची सवय आहे, आता काय दाखवायचं. दोन आकडे दाखवा. ह्या महिन्यात आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांची नावं १४ दिवसांत आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत लागली, आणि ह्या महिन्यात गेलेल्यांपैकी किती जण पाऊच घेऊन गेले. पहिल्या तिमाहीत दोन्ही आकडे लहान दिसतील, ते तसेच द्या. शिबिर अगदी बंद करता येत नसेल तर तिमाहीत एक ठेवा आणि त्यात बसायला आरोग्य केंद्राच्या नर्सताई आणि अंगणवाडी सेविका ह्यांना बोलवा. तपासणीच्या टेबलाशेजारीच नोंदणीचं टेबल लागलं की त्या दिवशी आलेलं माणूस यादीत नाव लावूनच परत जातं.